दलदलीच्या पोटातला वायू

श्रोतेहो, तळ्याचा गाळ काठीनं ढवळला की बुडबुडे वर येतात, हे आपण पाहिलंच असेल. इटलीच्या व्होल्टा यांनी १७७६ साली माजोरे सरोवराकाठी असेच बुडबुडे बाटलीत धरले. ज्योत लावली, तर वायू पेटला! तोच मिथेन. आपल्या गोबर गॅसमध्येही मुख्यतः तोच असतो.

थंड देशांतल्या दलदलींत अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे थर साचतात. त्यांना पीट म्हणतात. त्यांत हा वायू कोंडलेला असतो. हवेत सुटला की तो पृथ्वीची उष्णता अडवून धरतो; म्हणून त्याचा हिशेब हवा. पण मोजायला भोक पाडावं, तर वायूच निसटतो. मग करायचं काय?

२००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या मेन राज्यात, कॅरिबू बॉग या दलदलीवर शास्त्रज्ञांनी वरूनच रेडिओलहरी आत सोडल्या. पाण्यात या लहरी हवेतल्यापेक्षा सुमारे ९ पट सावकाश चालतात. म्हणजे जिथे वायूनं पाण्याची जागा घेतली, तिथे त्या लवकर परततात. वायू सर्वत्र सारखा नाही, असं आढळलं. तेव्हा एका भोकावरून साऱ्या दलदलीचा अंदाज बांधणं बरं नव्हे.

गुरुजनहो, मुलांना तळ्याकाठचे बुडबुडे जरूर दाखवा. काडी मात्र लावू नका, बरं का!