तीन दरपत्रके

दिवाळीच्या अंकात सरकारी खरेदीच्या नियमांची गोष्ट? फराळाच्या ताटात कोणी शाईची दौत आणून ठेवावी, तसे हे वाटेल. पण ज्याच्या घरातले माणूस कधी सरकारी इस्पितळात निजले आहे, त्याने ती जरूर ऐकावी.

उमेदीच्या काळात मी एका जिल्हा इस्पितळाच्या औषधभांडारात कारकून होतो. एका पावसाळी रात्री साप चावलेला मुलगा आला. कपाटातले सर्पविषावरचे औषध संपलेले. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी गावातले दुकान उघडवले आणि कुप्या आणल्या. मुलगा वाचला. पुढच्या वर्षी हिशेबतपासनिसांचा आक्षेप आला: तीन दरपत्रके का मागविली नाहीत? तातडीच्या खरेदीला नियमांत सूट होती. पण निकडीचा दाखला फायलीला लावायचा राहून गेला होता. त्या तपासनिसाला मी मनातल्या मनात पुष्कळ वर्षे शिव्या मोजल्या.

त्या थांबल्या 1986 साली. त्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले 14 रुग्ण दगावले. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून ते पाजीत. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचे विषारी द्रव्य निघाले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी चौकशी केली. त्यांच्या अहवालाने औषध प्रशासनाचे वाभाडे तर काढलेच, पण इस्पितळातली खरेदीही उजेडात आणली. पुरवठादार कोण, त्याने माल कोठून आणला, तो तपासला कोणी, हे प्रश्न विचारायचे त्यांनी ते विचारलेच नव्हते. आणि मी मात्र तीन कागद मागणाऱ्यावर रागावून बसलो होतो!

नियम पाळून औषध वेळेवर मिळावे, हे जमवून दाखविले तामिळनाडूने. तेथे 1994 साली वैद्यकीय सेवा महामंडळ निघाले. निविदा एकाच जागी काढायच्या, माल जिल्ह्याच्या गोदामात उतरवायचा, नमुने प्रयोगशाळेतून उत्तीर्ण होऊन आल्यावाचून एक गोळी बाहेर सोडायची नाही. प्रत्येक इस्पितळाला बँकेसारखे पासबुक. त्यात त्याच्या वाट्याची रक्कम, आणि उचल होईल तशी ती वजा. गोळ्यांच्या पट्टीवरच सरकारी पुरवठा, विक्रीसाठी नाही, असा छाप! आमच्या भांडारातल्या त्या फाटक्या नोंदवह्या आठवून मला हे वाचताना हेवाच वाटला. अडीअडचणीला थोडी खरेदी गावातच करायची मुभाही इस्पितळांना ठेवली होती. पुढे 1998 साली त्याच राज्याने साऱ्याच सरकारी निविदांसाठी पारदर्शकतेचा कायदा केला आणि आपत्ती, एकमेव पुरवठादार अशा सवलती त्या कायद्याच्या कलमातच लिहून टाकल्या. सूट द्यायची, पण कशासाठी ते आधी सांगून.

महाराष्ट्राने 2017 साली औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपविली. ज्या हाफकिनसाहेबांचे नाव त्याला आहे, त्यांनी प्लेगची लस 1897 साली जे. जे.च्याच आवारातल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली आणि पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पण लस करणे निराळे, हजारो वस्तूंच्या निविदा काढणे निराळे. खरेदी लांबू लागली, नातेवाइकांच्या हाती बाहेरच्या दुकानाच्या चिठ्ठ्या पडू लागल्या. अखेर 2023 साली वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी कायद्यानेच स्वतंत्र प्राधिकरण करावे लागले. हे शहाणपण सुचायला आपल्याला तामिळनाडूनंतर एकोणतीस वर्षे लागली, हे मला टोचते.

माझी पुतणी आज एका सरकारी इस्पितळात औषधनिर्माती आहे. गणपतीत ती घरी आली, तेव्हा मी माझ्या त्या आक्षेपाची कथा तिला सांगितली आणि विचारले, "रात्री औषध बाहेरून आणलेस, तर निकडीचा दाखला केव्हा घेतेस ग?"

"काका," ती हसली, "डॉक्टरांची सही घेतल्याशिवाय मी दुकानाकडे पाऊलच टाकत नाही. आणि सर्पविषाच्या कुप्या दर सोमवारी मोजते."