औषधाची कसोटी



कामगार संघटनेच्या माणसाने मेंढ्यांच्या रोगावर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. माझे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयातच अधिक झाले, आणि तेथेच मला हा इतिहास भेटला. ‘औषध लागू पडले’ हे कशाच्या बळावर म्हणावे, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

१८७९-८० च्या ओल्या हंगामात इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ३० लाख मेंढ्या दगावल्या. पानासारखा चपटा जंत यकृतात शिरे. मेंढी खंगे, जबड्याखाली पाणी उतरे. रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीने संशोधनाला पैसा पुरविला. ऑक्सफर्डचे टॉमस आणि लाइपझिगचे लॉयकार्ट यांनी १८८३ पर्यंत स्वतंत्रपणे दाखवून दिले की, हा जंत पाणथळ जागेतल्या बारीक गोगलगायीत वाढतो आणि गवतावाटे मेंढीच्या पोटात जातो.

कारण कळले, खात्रीचे औषध मिळायला आणखी ४० वर्षे लागली. १९२६ मध्ये वेल्समधील बँगोर येथे माँटगोमेरी यांनी मेंढ्यांना कार्बन टेट्राक्लोराइड दिले. मात्रा अवघी एक घन सेंटिमीटर. पित्तनलिकेतले मोठे जंत मेले. परंतु यकृत पोखरणारे कोवळे जंत बचावले, आणि कधी औषधानेच मेंढी मरे.

मग पारख कशी करायची? मेंढी चरू लागली, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. चारा सुधारला तरी ती सावरते. म्हणून सर्व मेंढ्यांना मोजून सारखेच जंत पाजायचे. निम्म्यांना औषध द्यायचे, निम्म्यांना नाही. शेवटी दोन्हीकडची यकृते कापून जंत मोजायचे. जो फरक पडेल, तोच औषधाचा गुण. जंत किती आठवड्यांचा असताना औषध दिले, हेही लिहून ठेवायचे.

एकदा सभेत मी ठासून सांगितले, “आमच्या लढ्यामुळे अपघात घटले.” एका फिटरने विचारले, “भाऊ, जिथं लढा झालाच नाही, त्या खात्यात किती घटले?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याने औषध न दिलेल्या मेंढ्याच मागितल्या होत्या!

अशाच कसोटीतून १९८३ मध्ये बोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रायक्लाबेंडाझोलचा गुण सिद्ध केला. हे औषध कोवळ्या जंतांनाही मारी. सुटलो, असे वाटले. पण १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातून बातमी आली की, काही मेंढ्यांतले जंत त्याला दाद देत नाहीत. पुढे युरोपातही तेच दिसले. एकदा उत्तीर्ण झालेल्या औषधाची परीक्षा पुन्हा घेणे भाग पडले.

आपल्याकडे याच जातकुळीतला मोठा जंत गाई-म्हशींना, शेळ्यामेंढ्यांना छळतो. औषधाचे पैसे गोठेवाला देतो, धनगर देतो. म्हणून शेणा-लेंड्यांतली जंतांची अंडी औषधापूर्वी आणि नंतर तपासून मागण्याचा हक्क त्याचाच आहे. मालकाचा आकडा आपण तपासतोच; आपल्या बाजूचा आणि औषधवाल्याचाही तितक्याच कठोरपणे तपासावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.