रस्ता सोडणाऱ्यांचे दोन तांडे : लिबियाची वाळू आणि वाशीमचे माळ

१९४२ साली लिबियाच्या वाळवंटात लढणाऱ्या एका ब्रिटिश पथकाने आजच्या ऑफ-रोडप्रेमींना चक्रावून टाकील असा निर्णय घेतला. ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ हे त्या पथकाचे नाव. त्यांच्याकडे चारही चाकांना शक्ती देणारे फोर्ड एफ-३० ट्रक होते. ते बाजूला सारून पथकाने मागच्या दोनच चाकांवर चालणारे शेव्हरोले ट्रक स्वीकारले. फोर्ड जड होते आणि पेट्रोल बेसुमार पीत होते. ज्या मुलखात पेट्रोलचा प्रत्येक डबा स्वतःच वाहून न्यावा लागतो, तिथे इंजिनाच्या ताकदीपेक्षा त्याची तहान अधिक मोजावी लागते.

आज विदर्भातील तालुक्याच्या गावीही थार उभी दिसते आणि वाळवंटातल्या ड्राइव्हसाठी क्लब शोधणाऱ्या तरुणांचा पहिला प्रश्न असतो, ‘गाडी कोणती घ्यावी?’ हा प्रश्न जुना आहे. त्याचे एक उत्तर सहारात घडले. दुसरे त्याच्या कितीतरी आधी वाशीम परिसराच्या माळांवर घडले होते. या थ्रेडमध्ये ही दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहू.

आधी सहारा. राल्फ बॅग्नॉल्ड हा ब्रिटिश सैन्यातील अभियंता १९२६ मध्ये इजिप्तमध्ये दाखल झाला. रजा मिळाली की हा गृहस्थ मित्रांना घेऊन साध्या फोर्ड गाड्यांतून वाळवंटात शिरत असे. सुरुवातीला मॉडेल टी, पुढे मॉडेल ए. त्यावेळी लिबियाच्या ‘महावालुकासागरा’त मोटार चालूच शकत नाही, अशी जाणकारांची समजूत होती. बॅग्नॉल्डने ती खोटी ठरवली, आणि तीही गाडी न बदलता. त्याने बदलली ती गाडी चालवण्याची रीत.

त्याच्या युक्त्या आज प्रत्येक वाळवंटी क्लबात नवख्याला शिकवल्या जातात, बहुतेक वेळा त्याचे नाव न घेता. चाकातली हवा कमी करा, म्हणजे टायर पसरतो, वजन अधिक जागेवर वाटले जाते आणि गाडी रुतत नाही. रस्त्यावर तीस पौंडांच्या आसपास असणारी हवा आज वाळूसाठी साधारण पंधरा-अठरापर्यंत उतरवतात. टेकडीची वाऱ्याकडची बाजू घट्ट असते, आडोशाची बाजू भुसभुशीत. म्हणून चढताना वाऱ्याची बाजू धरावी आणि वेग मध्येच तोडू नये. गाडी रुतलीच तर चाकांखाली लोखंडी पन्हळी पट्ट्या सरकवाव्यात. या पट्ट्या मुळात पहिल्या महायुद्धातील खंदकांच्या छपरांसाठी बनलेल्या होत्या. बॅग्नॉल्डला त्या कैरोच्या भंगारवाल्याकडे सापडल्या.

पाण्याची युक्ती तर फारच सुंदर. रेडिएटरमधले पाणी उकळून वाफ होऊन उडून जाई. बॅग्नॉल्डने त्या वाफेची नळी बाहेर बांधलेल्या डब्यातील पाण्यात सोडली. वाफ तिथे थंड होऊन पाणी बने आणि इंजिन निवले की तेच पाणी परत आत ओढले जाई. गाडीच्या पोलादामुळे चुंबकी होकायंत्र चुकते, म्हणून त्याने उन्हाच्या सावलीवर चालणारे सूर्य-होकायंत्र वापरले. सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी आणि अशा चार-दोन युक्त्या, एवढ्या भांडवलावर नकाशातल्या कोऱ्या जागा भरल्या गेल्या.

आता क्लबाविषयी. १९३० मध्ये नाईलकाठच्या वादी हल्फा या गावी अशाच एका प्रवासानंतर ही मंडळी एकत्र जमली आणि ‘झरझुरा क्लब’ जन्माला आला. झरझुरा म्हणजे अरबी दंतकथांतील हरवलेले हिरवे ठिकाण, वाळूत दडलेले पांढरे शहर. ते शोधायला जो निघाला, तो या क्लबाचा माणूस. शहर कोणालाच मिळाले नाही. सदस्यांमध्ये बिल केनेडी शॉ, पॅट क्लेटन, हंगेरीचा लास्लो अल्माशी असे लोक होते. (‘द इंग्लिश पेशंट’ या कादंबरीचा नायक याच अल्माशीवरून बेतलेला आहे, मात्र कादंबरीतला अल्माशी आणि खरा अल्माशी यांत बरेच अंतर आहे.)

महायुद्ध आले आणि या हौशी मंडळींच्या रजेतील उद्योगाला एकाएकी लष्करी मोल आले. जुलै १९४० मध्ये जनरल वेव्हेलच्या संमतीने बॅग्नॉल्डने आपले पथक उभे केले आणि क्लबातील जुन्या सोबत्यांना बोलावून घेतले. पहिले सैनिक न्यूझीलंडचे होते, त्यांतले बरेचसे शेतकरी. यंत्रे दुरुस्त करण्याची सवय असलेले. पुढे भारतीय सैनिकांचे ‘इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन’ही या पथकाशी जोडले गेले. ट्रकांची दारे आणि पुढच्या काचा काढून टाकल्या, पाट्यांना जादा पाने बसवली. थोडक्यात, वजन कमी करा आणि उरलेले नीट पेलू द्या. थ्रेडच्या आरंभी आलेला शेव्हरोलेचा निर्णय याच विचारातून झालेला होता. त्याच साली जीपही पथकात आली. हलकी, आटोपशीर आणि चारही चाकांवर चालणारी. फोर-व्हील ड्राइव्हशी त्यांचे वैर नव्हतेच, वैर होते ते जडपणाशी.

ही जीप महाराष्ट्रात कशी आली, ते थोडक्यात. १९४५ मध्ये जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. स्वातंत्र्याच्या त्या पहिल्या वर्षांत मुंबईत माझगावला विलिस जीप जोडल्या जाऊ लागल्या. पुढची कित्येक दशके खेड्यापाड्यांत ‘जीप आली’ याचा अर्थ ‘साहेब आले’ असाच होता. २०१० मध्ये त्याच वंशातील गाडीला वाळवंटाचे नाव मिळाले : थार.

नाव वाळवंटाचे, पण वाशीमची जमीन वाळवंटाची नाही. इथे काळी कापसाची माती आहे, बेसॉल्ट खडक झिजून झालेली. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात ती फुगते, चिकटते आणि टायरच्या खाचा भरून चाक गुळगुळीत करून टाकते. वाळूत उपयोगी पडणारा रुंद, मऊ टायर या चिखलात केवळ घसरतो. शिवाय ज्याला आपण ‘मोकळे रान’ समजतो, ते माळरान रिकामे नसते. कारंजा-सोहोळचे अभयारण्य काळविटांसाठीच राखलेले आहे. तिथे किंवा कोणाच्या पेरलेल्या शेतात चाक घालण्याला साहस म्हणता येत नाही.

मग या मुलखात रस्ता सोडून प्रवास कोणी केला? उत्तर मानोरा तालुक्यातील पोहरादेवीला मिळते. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे आणि देशभरातील बंजारा समाज तिथे येतो. परंपरेनुसार सेवालाल महाराजांचा जन्म १७३९ चा, आणि त्यांचे घराणे गुरे राखणाऱ्या, व्यापार करणाऱ्या नायकाचे. बंजाऱ्यांच्या या फिरत्या व्यापाराला ‘लदेणी’ म्हणत. ‘लमाण’ हा शब्द लवणावरून, म्हणजे मिठावरून आला असेही सांगितले जाते.

लदेणीचे वाहन होते बैल. पण गाडीला जुंपलेला नव्हे, पाठीवर गोणी लादलेला. ही निवड अडाणीपणाची नव्हती. बैलगाडीला चाकोरी लागते, उतरता येईल असा नदीकाठ लागतो. घाट आला की ती अडते. लादलेला बैल नाला उतरतो, घाट चढतो, झुडपांतून वाट काढतो. एका बैलावर साधारण शंभर-सव्वाशे किलो ओझे. चाल मंद, दिवसाला सहा-आठ मैल. पण हा मंदपणा त्यांनी जाणूनबुजून पत्करला होता, कारण बैल वाटेवर चरत जाई. इंधन पायाखालीच उगवत होते. बॅग्नॉल्डला प्रत्येक डबा सोबत न्यावा लागला. तांड्याला चाऱ्याचा खर्च जवळजवळ नव्हताच. म्हणूनच धान्य आणि मीठ यांसारखा जड आणि स्वस्त माल शेकडो मैल नेणे त्यांना परवडे. पावसाळ्यात मात्र तांडा थांबे. त्या ऋतूत काळ्या मातीशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळत होते.

आकडे ऐकले की मोटारींचे ताफे किरकोळ वाटू लागतात. १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला उत्तर भारतात भेटलेल्या एका तांड्यात त्याच्या नोंदीप्रमाणे १४,००० बैल होते. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन करतो. असे दोन तांडे अरुंद वाटेवर समोरासमोर आले, तर दोन-तीन दिवस खोळंबावे लागे. एवढा पसारा चालवणारी शिस्त नायकाच्या हाती असे. पाणी कुठे, गवत कुठे, मुक्काम कुठे, हे तो ठरवी. रात्री गोण्या रचून भिंत उभी करत आणि राखणीला कुत्रे ठेवत. आजच्या क्लबात पुढची गाडी वाट ठरवते, शेवटची गाडी कोणी मागे राहू नये म्हणून थांबते आणि एकट्याने वाळूत जाण्यास मनाई असते. नायकाला हे नियम शिकवावे लागले नसते.

सैन्यांनाही त्यांची गरज होती. तांड्यांच्या आठवणीत मोगल दरबाराने दिलेल्या ताम्रपटाची कथा आहे. फौजेला धान्य पुरवण्याच्या बदल्यात वाटेवरचे पाणी आणि गवत घेण्याची मुभा त्यात होती, असे सांगतात. म्हणजे आजच्या भाषेत इंधनाचा परवानाच. १८०३ मध्ये असई आणि वऱ्हाडातील अडगाव येथे लढणाऱ्या आर्थर वेलस्लीचे सैन्यही बंजाऱ्यांच्या धान्यावर अवलंबून होते.

मग ही व्यवस्था कोसळली. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरला पोहोचला आणि खडीचे रस्ते झाले. चाकांसाठी रस्ते तयार झाल्यावर रस्ता न लागणाऱ्या वाहनाचे मोल संपले. इथवरची कहाणी तंत्रज्ञान बदलले की जुना धंदा जातो, एवढीच आहे, आणि ती जगभर घडली. पुढचा भाग तसा नाही.

वऱ्हाडातील बंजाऱ्यांवर इंग्रजीत लिहिलेले एक आरंभीचे टिपण कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याचे आहे. ते १८६९ च्या सुमारास लिहिले गेले आणि १८८२ मध्ये पुन्हा छापले गेले. हा कंबरलेज वऱ्हाडच्या पोलीस खात्यात होता. ज्यांच्या पाठबळावर फौजा चालल्या, त्यांची नोंद आता पोलिसाच्या टेबलावर होऊ लागली. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला, त्याची व्याप्ती वाढत गेली आणि निरनिराळ्या प्रांतांत बंजाऱ्यांचे अनेक गट त्याच्या कक्षेत ओढले गेले. यादीत नाव आले की हजेरी देणे भाग. परवानगीशिवाय गाव सोडणे हाच अपराध होऊ शकत असे. ठाव नसलेला, रस्त्याने न जाणारा माणूस राज्याला संशयित वाटू लागला होता.

१९३४ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने बॅग्नॉल्डला सुवर्णपदक दिले. ते योग्यच होते. वाळूच्या हालचालीवरील त्याचा १९४१ चा ग्रंथ आजही शास्त्रज्ञ वाचतात. पण त्या वर्षी त्याच साम्राज्यात गुन्हेगार जमाती कायदाही अमलात होता. नकाशाबाहेर जाणे हे कामच होते, बॅग्नॉल्डचेही आणि नायकाचेही. एकाने आपला प्रवास स्वतः लिहिला, दुसऱ्याचा प्रवास पोलिसाने लिहिला.

तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्राच्या यादीत बंजारा समाज आज ‘विमुक्त जाती’ या वर्गात आहे. ‘विमुक्त’ म्हणजे त्या कायद्यातून सुटलेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय सुरू झाले. तिथपर्यंत आता पक्का रस्ता जातो. रामनवमीच्या यात्रेला माणसे जीप, ट्रॅक्टर, ट्रक, मिळेल त्या वाहनाने येतात. वस्ती मात्र अजूनही तांडाच म्हणवते आणि तांड्याचा प्रमुख अजूनही नायकच.