उलट्या आट्यांचा इतिहास

सायकलच्या इतिहासात मान चाकाला मिळतो, बीबीच्या वाट्याला तो येत नाही. दोन्ही क्रँक ज्याला जोडलेले असतात तो आडवा एक्सल, त्याच्या दोन्ही टोकांचे छर्रे आणि ते छर्रे धरून ठेवणारे दोन कप, एवढाच हा संसार. तोही फ्रेमच्या तळाशी, चिखलपाण्याच्या वाटेवर.

मेहकर तालुक्यातल्या जानेफळला वडिलांची काळी सायकल अनेक वर्षं भिंतीला टेकून होती. क्रँक डुगडुगत होते. भंगारवाला किलोवर घ्यायला तयार होता. बीबी बदलता आली, तरच ती घरात राहणार होती.

मिस्त्रींनी कॉटरचा नट पूर्ण काढला नाही. पिनेच्या टोकाशी समपातळीत आणून ठेवला, म्हणजे हातोड्याने आटे मरत नाहीत. क्रँकखाली पाइपाचा तुकडा उभा केला. तो नसेल तर घाव छर्ऱ्यांवर जातो आणि कपात खड्डे पडतात. कॉटर निघाला. मग डावीकडची लॉक रिंग आणि कप नेहमीच्या दिशेने सुटले. आत काळं पडलेलं ग्रीस, अकरा छर्रे आणि झिजून चर पडलेला एक्सल. उजवा कप मात्र त्यांनी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून सैल केला. मी कारण विचारलं.

"तिकडले आटे उल्टेच रायतात, भाऊ."

हा नियम इंग्रजी आहे. चेनच्या बाजूचा कप सुलट्या आट्यांचा असेल, तर पायडल मारता मारता हळूहळू सुटण्याकडे त्याचा कल असतो. म्हणून इंग्रज कारखानदारांनी तिथे उलटे आटे पाडले. जुन्या फ्रेंच आणि इटालियन पद्धतीत दोन्हीकडे सुलटेच आटे असत, तिथे कप करकचून आवळणं हाच उपाय. आपल्याकडे सायकली आल्या त्या मुख्यतः बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅमहून, म्हणून आटेही तिथलेच आले. स्वातंत्र्यानंतर १९४९मध्ये मद्रासला टीआय, १९५१मध्ये सोनिपतला अ‍ॅटलस आणि १९५६मध्ये लुधियानात हीरो उभी राहिली. मालक बदलले, गावं बदलली, उजव्या आट्यांची दिशा बदलली नाही.

मराठी यंत्रोद्योगाची वाटही सायकलच्या दुकानावरून जाते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला. लोखंडी नांगर त्यानंतरचा आणि किर्लोस्करवाडी १९१०ची. आपण कारखान्याचं साल लक्षात ठेवतो. पण यंत्र उघडून, झिजलेला भाग ओळखून, त्याजागी नवा बसवण्याची जी सवय कारखान्याआधी लागते, तिची नोंद कुठल्याही ग्रंथापेक्षा अशा मिस्त्रींच्या हातात जास्त आहे.

नवा एक्सल, दोन नवे कप, बावीस छर्रे आणि बोटभर ग्रीस, एवढ्यावर काम झालं. एक्सलची लांब बाजू चेनकडे गेली. फ्रेमवरचं कंपनीचं नाव केव्हाच खरवडून गेलं आहे. तिचं घराणं कुठलं, हे सांगायला आता उजव्या कपाचे उलटे आटेच उरले आहेत.