आमचा घाट आणि घरोघरचे धुलाई यंत्र

स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली तेव्हा आम्ही आपल्या परीट समाजाच्या धंद्याचा इतिहास हा विषय सुचविला. त्यावर एका तरुण सभासदाने विनयाने म्हटले, "गुरुजी, घाटाच्या त्या जुन्या गोष्टी आता कशाला? आपली मुले शिकली, नोकरीस लागली." त्या तरुणावर आम्ही रागावलो नाही, कारण मॅट्रिकच्या परीक्षेच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय या रकान्यात आम्ही स्वतः 'मजुरी' असे लिहिले होते. ती लबाडी आमच्या मनास आजही बोचते. प्रस्तुत लेख हे तिचेच अल्पसे प्रायश्चित्त समजावे.

आमचे आजोबा खाम नदीकाठी कपडे धूत. कपडा घरी आला की प्रथम बिब्ब्याच्या रसाने त्यावर खूण होई. ती खूण कशानेही जात नसे, म्हणून शंभर घरांचे कपडे एकत्र होऊनही ज्याचे त्याला मिळत. मग खाराच्या पाण्यात भिजविणे, भट्टीवर वाफविणे, दगडावर आपटणे, वाहत्या पाण्यात खळबळणे, पिळणे, उन्हात वाळविणे, आणि अखेर नीळ, खळ व इस्त्री. 'परीटघडी' हा शब्द मराठी भाषेस या कष्टांतूनच मिळाला. यातील प्रत्येक पायरीस कारण होते. खार अधिक पडला तर कपडा अधिक स्वच्छ होत नाही, उलट सूत खाल्ले जाते आणि खळबळण्यास दुप्पट पाणी लागते. हे ज्ञान पुस्तकात नव्हते, ते हातांत होते.

धुण्याचा इतिहास हा मुळात पाण्याचा इतिहास होय, आणि त्या बाबतीत आपले शहर भाग्यवान. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने खडकी वसविली आणि डोंगराकडील पाणी भूमिगत नहरीने गावात आणले. नहरीच्या वाटेवर ठिकठिकाणी उंच मनोरे बांधले होते. नळात कोंडलेली हवा त्यांतून बाहेर पडे आणि प्रवाह अडत नसे. पाणचक्कीवर भिंतीवरून हौदात कोसळणारे पाणीही दुरून खापरी नळांतूनच येते. पाणी केवळ आहे एवढ्याने भागत नाही. त्यास उंची हवी, वाट मोकळी हवी, हे या शहराने चारशे वर्षांपूर्वी ओळखले होते. पुढे पैठण येथे जायकवाडीचे धरण झाले. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते लोकार्पण झाले. नाथसागराचे पाणी नळाने शहरात येऊ लागले, तसे धुणे नदीवरून न्हाणीघरात आले.

धुण्याचे यंत्र त्याहून जुने आहे. जर्मनीतील शेफर नामक विद्वानाने १७६७ साली आपल्या धुलाई यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. १७८२ साली इंग्लंडात सिजियर याने फिरत्या पिंपाच्या यंत्राचे पेटंट घेतले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यास विजेची जोड मिळाली. आपल्याकडे ते घरोघर पोहोचण्यास त्या शतकाची अखेर यावी लागली. आपल्याच पैठण रस्त्यावर चितेगाव येथे व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला आणि धुलाई यंत्र हे नाव या जिल्ह्यात ओळखीचे झाले. त्या कंपनीवर २०१८ साली दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली, हेही नमूद करावयास हवे. यंत्रे आली तशी आपली गिऱ्हाइके गेली. अनेक घरांत केवळ इस्त्री उरली. यंत्राबद्दल आमच्या मनातही कित्येक वर्षे अढी होती.

ती अढी एका दिवाळीत निघाली. आमच्या घरचे यंत्र ऐन सणात बंद पडले. पडद्यावर सांकेतिक अक्षरे लुकलुकू लागली. दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनी बोर्ड जळाल्याचे सांगून काही हजारांचा आकडा उच्चारला. ओसरीवर आमचे थोरले काका बसले होते. त्यांचे सारे आयुष्य घाटावर गेले होते आणि अक्षरओळख अशी नव्हतीच. त्यांनी एवढेच विचारले, "अरे, पाणी येतंय का त्यात?" नळी सोडून पाहिली. तोंडाशी असलेली बारीक जाळी टाकीतील गाळाने लिंपून गेली होती. दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने ती साफ केली आणि यंत्र पुन्हा चालू झाले.

तेव्हा आमच्या ध्यानी आले की यंत्राने घाटाच्या पायऱ्या बदललेल्या नाहीत, फक्त झाकल्या आहेत. म्हणून बिघाड शोधावयाचा तो घाटाच्याच क्रमाने.

पहिला प्रश्न पाण्याचा. नळ उघडा आहे काय, जाळी स्वच्छ आहे काय, नळीस पीळ पडला आहे काय, हे पाहावे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे एक बार असतो. टाकीतील पाणी नळाहून केवळ एक मीटर उंच असेल तर दाब त्याच्या दशांशच मिळतो आणि वरच्या मजल्यावरील यंत्र पाण्यासाठी खोळंबून राहते. त्यात यंत्राचा दोष नाही. बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यास फेस येत नाही आणि पाणी तापविणाऱ्या यंत्रात क्षारांचा थर बसतो. यंत्राच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तो वेळोवेळी काढावा.

दुसरा प्रश्न खाराचा. पावडर अधिक पडली तर फेस माजतो आणि पाणी उपसणारा पंप हतबल होतो. तिसरा प्रश्न भाराचा. गाढवाच्या पाठीवर दोन्ही अंगांस सारखे ओझे भरावे, हे आपल्या पूर्वजांस शिकवावे लागत नसे. पिंपात एकच जड चादर एका अंगास गोळा झाली तर यंत्र हादरते अथवा पिळण्यापूर्वीच थांबते. कपडे मोकळे करून पसरावे. चौथा प्रश्न सांडपाण्याचा. खालच्या फिल्टरात नाणे, गुंडी, केसांचा गुंता सापडतो. तो उघडण्यापूर्वी प्लग काढावा व पाणी निवू द्यावे. सांडपाण्याची नळी जमिनीवर लोळत असेल तर पुष्कळ यंत्रांत पाणी भरते तसेच वाहून जाते.

हे सारे पाहिल्यावरच यंत्र मूळ स्थितीवर आणावे. बटण बंद करून प्लग काढावा, पाच-दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा लावावा. विजेच्या चढउताराने गोंधळलेले यंत्र एवढ्याने ताळ्यावर येते. मात्र तीच अक्षरे पुन्हा उमटली तर ती बिब्ब्याची खूण समजावी. कारण दूर झाल्यावाचून ती जावयाची नाही. ती अक्षरे कागदावर उतरवून मगच जाणकारास बोलवावे.

ड्रायरविषयी एक गैरसमज आहे. अर्धस्वयंचलित यंत्राचे दुसरे पिंप वाळवीत नाही, ते केवळ जोराने पिळते. वाळविण्याचे काम आजही दोरीवरील उन्हाचेच. परदेशी गेलेल्या आपल्या मुलांच्या घरी उष्ण हवेचे खरे ड्रायर असतात. तेथे कपड्यांची उडालेली तुसे जाळीत साठतात. ती प्रत्येक वेळी काढावी आणि हवा बाहेर नेणारी नळीही मोकळी ठेवावी. नाहीतर कपडे ओले राहतात, यंत्र तापून बंद होते, प्रसंगी आगही लागते.

ज्या समाजात १८७६ साली गाडगे महाराज जन्मले आणि ज्यांनी हाती खराटा घेऊन गावेच्या गावे स्वच्छ केली, त्या समाजाने स्वच्छतेच्या कामाची लाज बाळगावी, हे आम्हांस आता पटत नाही. आमचे काका गतवर्षी निवर्तले. त्यांच्या हातांतील ज्ञानापैकी जेवढे आम्ही विचारले तेवढेच उरले, बाकीचे त्यांच्याबरोबर गेले. आपल्यातील काही तरुण आज ही यंत्रे दुरुस्त करून सन्मानाने संसार चालवितात. त्यांनी घरच्या वृद्धांजवळ घटकाभर बसावे व विचारावे. आणि मुलाच्या अर्जात आजोबांच्या व्यवसायाचा रकाना आला तर तेथे खरा शब्द लिहावा, एवढीच आमची समाजबांधवांस हात जोडून विनंती आहे.