डॅशबोर्डातली खाच

उमरीत गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या माझ्यासारख्याला गाडीचं वय डॅशबोर्डातल्या खाचेवरून कळतं. अँबॅसडर, पद्मिनीच्या काळी रेडिओ म्हणजे वेगळी चैन. पुढं जर्मनीत ठरलेलं माप जगभर चाललं: 180 मिलिमीटर रुंद, 50 उंच. या एका मापामुळं कुठल्याही कंपनीची टेप कुठल्याही गाडीत बसू लागली, अन् आमचं पोट चाललं. दुप्पट उंचीच्या खाचेत मग पडदा आला.

रस्ता दाखवणारा पडदा सामान्यांच्या कामाचा झाला तो 2 मे 2000 नंतर. तोवर अमेरिका जीपीएसचा नागरी संकेत मुद्दाम बिघडवून सोडायची. चूक शंभर मीटरपर्यंत जायची. म्हणजे तुम्ही रुळाच्या अलीकडं अन् पडद्यावर पलीकडं!

2014-15 मध्ये कारप्ले, अँड्रॉइड ऑटो आले अन् मोबाइलचाच नकाशा गाडीत दिसू लागला. जुन्या गाडीत असा पडदा बसवताना पिवळी वायर थेट बॅटरीची, लाल चावीची, एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं. अँटेना पत्र्याखाली दाबू नये, आकाश दिसायला हवं. स्टिअरिंगवरची बटणं चालवायला मात्र वेगळा डबा लागतो. तिथं पैसे वाचवू नयेत, असं माझं स्पष्ट मत. पडदा लहान घ्या हवं तर.

कंपनीचा जुना पडदा का बदलायचा, असं गिऱ्हाईक विचारतं. मी त्यातला नकाशा उघडून बासर दाखवतो. धर्माबाद ओलांडलं की तिथं अजून आंध्र प्रदेशच लागतो.