गव्हाच्या बिअरची सनद

घरच्या घरी बिअर करण्याचे साहित्य आज जर्मनीत, इंग्लंडात आणि अमेरिकेत एका खोक्यात विकत मिळते. त्यांतले 'हेफेवाइत्सेन' अशी चिठ्ठी लावलेले खोके उघडले, तर आत मोजक्याच वस्तू सापडतात. वीस लिटर बिअरच्या हिशेबाने मोड आणून वाळवलेले व भरडलेले साडेचार-पाच किलो धान्य, हॉप नावाच्या वेलीची थोडी कडवट फुले आणि यीस्टची एक पुडी. धान्यात निम्मा किंवा त्याहून अधिक गहू, उरलेला जव. पाणी ज्याचे त्याने घालायचे. मात्र यातला गहू या खोक्यापर्यंत सहजासहजी आलेला नाही. बव्हेरियात तो एके काळी साध्या बिअरवाल्याला निषिद्ध होता आणि राज्यकर्त्याला मोकळा होता. ही हकीकत कर, सनद आणि मक्ता यांची आहे. आणि हे तिन्ही शब्द आपल्या घराण्यांच्या दप्तरांतही जागोजागी आढळतात.

बव्हेरियाचे ड्यूक विल्हेल्म चौथा आणि त्याचा भाऊ लुडविग दहावा यांनी २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे एक आज्ञापत्र काढले. बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांखेरीज काही घालू नये, असे त्यात फर्मावले होते. यीस्टचा त्यात उल्लेखच नाही. पिंपाच्या तळाशी उरणारा साका पुढच्या घाण्याला उपयोगी पडतो हे कारागीर जाणत होते. पण तो सजीव असतो, हे कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. या आज्ञापत्राची आज 'शुद्धतेचा कायदा' म्हणून ख्याती आहे. मूळ मजकूर पाहिला, तर त्याचा मोठा भाग दरांविषयी आहे. हिवाळ्यात एका मापाला, म्हणजे लिटरभराहून किंचित अधिक बिअरला, एक फेनिग आणि उन्हाळ्यात दोन, याहून जास्त कोणी घेऊ नये. जवाच्या सक्तीमागचे कारणही सहसा पोटाचेच सांगितले जाते : गहू आणि राय ही भाकरीची धान्ये, ती भट्टीवाल्यांसाठी राखावीत. 'शुद्धतेचा कायदा' हे नाव तर १९१८ साली बव्हेरियाच्या विधिमंडळातील चर्चेत प्रथम आढळते. म्हणजे ज्या नावाचा आज एवढा अभिमान मिरवला जातो, ते मूळ लेखाहून चारशे वर्षांनी धाकटे आहे.

आता मौज पाहा. बोहेमियाच्या सीमेलगतच्या बव्हेरियन अरण्यप्रदेशात गव्हाची बिअर होत आली होती, आणि देगेनबर्ग नावाच्या सरदार घराण्याला ती करण्याची खास सनद ड्यूककडूनच मिळाली होती. इतरांना मना असलेली गोष्ट एका घराण्याला वंशपरंपरेने मोकळी झाली. १६०२ साली या घराण्याचा अखेरचा पुरुष निपुत्रिक वारला आणि ड्यूक मॅक्सिमिलियन पहिला याने तो हक्क सरकारजमा केला. खालसा हा शब्द आपल्या कानांना नवा नाही. बव्हेरियातही रीत तीच होती.

मॅक्सिमिलियनने मात्र गव्हाची बिअर बंद केली नाही. ती आपल्या खजिन्याची दुभती गाय केली. म्यूनिक आणि केल्हाइम येथे १६०७ साली त्याने या 'पांढऱ्या' बिअरच्या सरकारी भट्ट्या उभारल्या. नेहमीच्या तपकिरी बिअरपुढे ही फिकट आणि गढूळ दिसे, म्हणून ती पांढरी. तीस वर्षांच्या युद्धाच्या (१६१८–४८) खर्चाच्या काळात हे उत्पन्न राज्याला मोठा आधार ठरले. १५१६ चे आज्ञापत्र रद्द झाले नव्हते. रयतेने केले असते तर जो गुन्हा ठरता, तेच सरकारने केले म्हणून महसूल ठरले.

या घटनेला अलीकडे एक अनपेक्षित पुरवणी जोडली गेली आहे. म्यूनिक आणि कॉर्क येथील संशोधकांनी २०२३ साली असे अनुमान मांडले, की १६०२ मध्ये देगेनबर्गांच्या श्वार्त्साख येथील भट्टीतले गव्हाच्या बिअरचे यीस्ट म्यूनिकच्या दरबारी भट्टीत आणले गेले, आणि तेथे थंडीत काम करणाऱ्या दुसऱ्या जातीशी त्याचा संकर होऊन लागर बिअरचे यीस्ट जन्मले. आपल्याकडे विरजण एका घरातून दुसऱ्या घरात जाते, तसेच ते गेले. हे अनुमान खरे असेल, तर नियतीचा खेळ विलक्षण म्हणावा लागेल; कारण पुढे याच लागरने गव्हाच्या बिअरला जवळजवळ बाजारातून उठवले.

१७९८ साली कार्ल थिओडोरने सरकारी मक्ता सैल केला, पण तोवर गिऱ्हाइकांची आवड पालटत चालली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिंडेच्या शीतयंत्राने लागर बाराही महिने करणे सोपे केले. गव्हाच्या बिअरचे उत्पन्न आटले आणि सरकारलाही तिचे अगत्य उरले नाही. म्यूनिकची सरकारी भट्टी मक्त्याने चालवणाऱ्या गेओर्ग श्नायडर याने १८७२ साली ही बिअर करण्याचा हक्क मिळवला, तेव्हा राजा दुसरा लुडविग गादीवर होता. श्नायडर घराण्याने ती टिकवली. १९२८ मध्ये त्यांनी केल्हाइमची, मॅक्सिमिलियनच्या काळातली भट्टी घेतली. दुसऱ्या महायुद्धात म्यूनिकची वास्तू उद्ध्वस्त झाल्यावर तीच त्यांचे घर झाली.

खोक्यातल्या धान्याकडे परत वळू. गव्हाच्या दाण्याला जवासारखे टरफल नसते. सगळाच गहू घेतला तर काढा गाळताना लगदा बसतो आणि धार थांबते. जवाची टरफले गाळणीचे काम करतात. म्हणून दोघांची जोडी. भरड प्रथम ४३ ते ४५ अंश सेल्सियसच्या पाण्यात थोडा वेळ ठेवली, तर फेरुलिक आम्ल सुटते आणि यीस्ट पुढे त्यापासून लवंगेचा गंध घडवते. मग साधारण ६६ अंशांवर तासभर ठेवून पिष्टाची साखर करतात. नंतर हॉप घालून उकळणे, निववणे आणि २० अंशांच्या आसपास आंबवणे. पिकलेल्या केळ्याचा वासही यीस्टचाच, बाहेरून काही घातलेले नसते. ज्याचे नावही १५१६ च्या लेखात नाही, त्यानेच या बिअरला ओळख दिली.

घरी बिअर करणाऱ्याला राज्ययंत्रणेने मोकळीक दिली, ती फार उशिरा. इंग्लंडात परवान्याची अट १९६३ साली गेली. अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने केंद्रीय कर हटला. जर्मनीत २०२४ पासून घरगुती वापरासाठी वर्षाला ५०० लिटरपर्यंत बिअर करमुक्त आहे. जकातखात्याला कळवावे लागते आणि विकता येत नाही. आपल्याकडे हा विषय राज्यांच्या आबकारी खात्यांचा आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा वारसा गुजरातेत आजही चालू असल्याने बडोदेकर वाचकांनी ही हकीकत केवळ वाचनानंदासाठीच घ्यावी.

पण वाचताना एक प्रश्न जवळ ठेवावा. परंपरा शुद्ध राहावी म्हणून केलेला नियम कोणाला लागू होता आणि कोणाला नव्हता? देगेनबर्गांना नव्हता, मॅक्सिमिलियनला नव्हता. आपल्या जुन्या घरांतल्या सनदा, इनामपत्रे आणि निवाडे उलगडतानाही हाच प्रश्न विचारला, तर त्या कागदांत केवळ पूर्वजांचा गौरवच नव्हे, त्यांच्या काळचा हिशेबही वाचता येईल.